गल्लीचा वाटा

६ फेब्रुवारी

आदरणीय आकडेताई,

साष्टांग नमस्कार लिहून सोडून देतो. खोलीत खरा साष्टांग घालायचा म्हटलं तर पाय जिन्यात जातात.

तुझी अट होती की दर आठवड्याच्या फॉर्मांच्या गठ्ठ्यात एक पत्र टाकायचं, कारण फोनवर मी हसून वेळ मारून नेतो. मावसबहिणीनं चिकटवलेल्या नोकरीत असल्या अटी असायच्याच. आई निघताना म्हणाली, "ताईचं नाव खराब करू नकोस." मी म्हटलं, ताईचं नाव एवढं उंचावर आहे की माझा हातच पोचत नाही.

तर हालहवाल. तू दिलेल्या सहा गल्ल्या पाहून घेतल्या. पहिली मोठ्या रस्त्याला लागून, सहावी दगडाच्या भुकटीच्या गिरणीच्या भिंतीला लागून. खोली मला सहाव्या गल्लीत मिळाली, तिसऱ्या मजल्यावर. स्वस्त का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी टेबल पुसलं, दुपारी त्यावर बोटानं माझं नाव लिहिता आलं. संध्याकाळी ते नाव बुजलं होतं, तेव्हा तुझं लिहिलं. गिरणी पांढरा दगड दळते. रंगात घालतात म्हणे, दंतमंजनात घालतात, आणि उरलेला आमच्यात.

घरमालकीण पहिल्या मजल्यावर राहते. पन्नाशीची बाई, सगळी गल्ली तिला मावशी म्हणते, मीही म्हणतो. पहिल्याच दिवशी तिनं तुझी श्वास मोजायची नळी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "हे काय रे? सनई?" मी म्हटलं, "खोटं बोलणाऱ्यानं फुंकलं तर वाजते." त्यावर तिनं ती दोन बोटांत धरून माझ्याच हातात परत दिली आणि म्हणाली, "मग आधी तूच फुंक."

कामाला लागलोय. तीनदा फुंकायचं, तिन्ही आकडे लिहायचे, प्रत्येक माणसाला पुठ्ठ्याची नवी तोंडनळी. समजलं. पहिल्या दोन दिवसांत अकरा माणसं झाली. एक आजोबा जरा जास्त वेळ खोकले. बाकी ठीक.

तुझा,
सरकारमान्य फुंकवाला


११ फेब्रुवारी

चि. उपद्रव,

पत्र मिळालं. अक्षर वाचता आलं हे नवल.

तुला या नळीचा कंटाळा यायच्या आत ती कशासाठी आहे ते सांगून ठेवते, कारण कंटाळलेला तू मला लहानपणापासून माहीत आहेस.

एका माणसाचा आकडा कमी आला, म्हणजे त्याच्या छातीत हवा जोरात सोडायची ताकद कमी. दोष कोणाचा? थोडा त्याचा स्वतःचा असतो: वय, विडी, जुनं आजारपण. थोडा घराचा: स्वयंपाक कशावर होतो, खिडक्या किती. आणि थोडा गल्लीचा असू शकतो. माणूस घरात बसलेला, घर गल्लीत बसलेलं, डब्यात डबा तसं. मला तो दोष तिघांत वाटून द्यायचाय. सगळ्या गावाची एकच सरासरी काढली तर गल्ली नामानिराळी राहते आणि सगळं खापर माणसावर फुटतं.

गल्लीचा वाटा कसा ओळखायचा? एका गल्लीतली माणसं एकमेकांसारखी असतात, थोडीशी. त्यांना ते माहीतही नसतं. ती किती सारखी आहेत, तेवढंच मी मोजते. म्हणून मला प्रत्येक माणसाचा त्याचा त्याचा आकडा हवा. अंदाजानं एकही नको. दार उघडलं नाही तर रकाना रिकामा ठेव. रिकाम्या रकान्याला काय करायचं ते मला येतं.

बाकीच्या पाच गावांतली माणसं मोजून झालीत. तुझं सहावं, आणि गिरणी असलेलं एकच.

ताई

ता. क. मावशीला मोजलंस का?


२ मार्च

आकडेताई,

कंटाळा? माझं काम आगगाडीसारखं चाललंय. या गठ्ठ्यात एकवीस आहेत. मागच्यात अठरा होते. सांग तुझ्या संस्थेतल्या सरांना.

आणि माणसं काय एकेक! दुसऱ्या गल्लीत एक शिंपी आहे, शिवण्याच्या यंत्रावर वाकून वाकून त्याचा आकडा तीनशेवर अडकलाय, आणि त्याची बायको फुंकते तर पाचशे. भांडणात कोण जिंकतं ते विचारायला नको. तिसऱ्या गल्लीत जुळे भाऊ आहेत, एकाचा सहाशे, एकाचा साडेतीनशे. त्यांची आई सांगत होती की लहानपणी शिट्टी एकालाच मिळायची. एका घरात चार माणसं आहेत, चौघं चार तऱ्हेची. तू म्हणतेस एका गल्लीतली माणसं सारखी असतात. माझ्या गल्ल्यांत दोन माणसं सारखी मिळतील तर शपथ.

तुझ्या तोंडनळ्यांचा एक चांगला उपयोग सापडला. दहा एकमेकींत खुपसून, चिकटपट्टी लावून लांब भोंगा केला. जिन्याच्या मधल्या पोकळीतून सोडला की तिसऱ्या मजल्यावरून कुजबुजलेलं पहिल्यावर खणखणीत ऐकू येतं. परवा त्यातून घोगरा आवाज काढला: "पाणी चाललं! गच्चीवरचं पाणी चाललं!" मावशी दोन बादल्या घेऊन धावत वर. दुसऱ्या वळणावर बादल्या ठेवून बसली. वीस मिनिटं तिथंच बसून होती. मग मला म्हणाली, "गाढवा." एवढंच. मला वाटलं होतं, निदान लाटणं तरी काढेल.

दुसऱ्या दिवशी त्या वळणावर तिनं एक खुर्ची आणून ठेवली. येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागते, पण हलवू देत नाही.

तुझा,
आगगाडी


८ मार्च

चि. उपद्रव,

तुझा शिंपी वाचून इथं दोन मुली हसल्या. तू माणसं छान पाहतोस, हे मला माहीत नव्हतं.

भोंगा मोड. तोंडनळ्या मोजून पाठवलेल्या असतात. कमी पडल्या तर कळव, नवी पेटी पाठवते.

मावशीला मोजलंस का, हे मी मागच्या वेळी विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

ताई


२६ मार्च

ताई,

पेटी नको, तोंडनळ्या अजून पुष्कळ आहेत.

मधला आठवडा आईकडे होतो. तिला बरं नव्हतं, आता बरी आहे. फॉर्म चुकले नाहीत, काळजी नको, एकोणीस आहेत, मोजून घे. आईनं खाऊ घालून घालून माझा पिंप केला. गंमत म्हणजे तिथं चार मजले दोन दोन पायऱ्या उड्या मारत चढलो. इथं परत आल्यावर पुन्हा नाक चोंदलं. इथल्या हवेत सर्दी भाड्यानं राहते.

मावशीचं असं आहे की ती दुपारी झोपते, संध्याकाळी कामात असते, आणि सकाळी मी झोपतो. जमेल कधीतरी.

परवा जिन्यात गाठ पडली. खुर्चीत बसली होती. "बाळा, तुझ्या त्या सनईत मी कधी फुंकायचं?" म्हणाली. "सगळ्या गल्ल्या करतोस, घरातल्या माणसाला विसरतोस."

मी म्हटलं, तुमचा नंबर शेवटी, मुद्दाम राखून ठेवलाय.

तुझा,
पिंप


२० एप्रिल

ताई,

हा शेवटचा गठ्ठा. दोनशे बारा माणसं पूर्ण, एकही रकाना रिकामा नाही. आता हवालदारासारखी छाती फुगवून फिरतोय, म्हणजे फुगवायचा प्रयत्न करतोय, कारण सर्दी काही हटत नाही. पुढच्या कामाला माझंच नाव घाल.

तुझा,
दोनशे बारा


२ मे

चि. उपद्रव,

तुझ्या गावाचे आकडे बसवून पाहिले. दोनदा पाहिले. पाच गावांत गल्लीचा वाटा पाचवा हिस्सा, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. घराचा साधारण तेवढाच. तुझ्या गावात गल्लीचा वाटा शून्य निघाला. घराचाही जवळजवळ शून्य. सगळा फरक माणसामाणसांतला.

सरांना फार आनंद झालाय. सगळीकडे एकसारखं निघालं की लिहायला मजा येत नाही, तुझ्या गावानं त्यांना बोलायला विषय दिला. त्यांचं म्हणणं, उलटं उदाहरण हेच खरं शिकवतं.

एक गोष्ट तुला सांगायला हवी. गिरणीनं दुसरं दळण्याचं यंत्र बसवायची परवानगी मागितली आहे. पालिकेनं आमच्याकडे मत मागवलंय. आमचं मत म्हणजे तुझे दोनशे बारा फॉर्म. महिनाअखेर अहवाल जाईल, आणि त्यात असं वाक्य असेल की लोकांच्या श्वासातल्या फरकात गल्लीचा हात दिसत नाही. गिरणीच्या भिंतीला लागून राहणारा आणि मोठ्या रस्त्यावर राहणारा, दोघांत फरक नाही.

तू तिथं राहतोस. तुला हे बरोबर वाटतं का? आकडे सांगतात ते मी मानते, तरी विचारते.

ताई


६ मे

ताई,

शून्य? अगदीच शून्य कसं काय? थोडं तरी द्यायचं होतंस गल्लीला. दोन-चार टक्के.

आणि "सगळा फरक माणसामाणसांतला" म्हणजे काय? मावशी खोकते ती तिची चूक? ती विडी ओढत नाही. तिचा नवरा ओढायचा, तो गेला. आता काय, त्याच्या नावावर लिहायचं?

बरं, एक सहज विचारतो. समजा, एखाद्या मुलानं (मी नाही, समजा म्हटलं ना) काही फॉर्म जरा घाईत भरले. म्हणजे माणसं असतीलच, पण आकडे थोडे इकडचे तिकडे. तर तुझ्या त्या डब्यातल्या डब्यांना फरक पडतो का? की एवढ्या गर्दीत खपून जातं?

काल मावशी दोन बादल्या घेऊन वर येत होती. मी घेतल्या. ती खुर्चीत बसली आणि मी वर जाऊन खाली आलो, तरी ती बसलेलीच. मलाही जरा धाप लागली होती. ती म्हणाली, "तू कशाला धापतोस रे, घोड्या?" मी म्हटलं, तुमची नक्कल करतोय.

हसली नाही. हल्ली इथं कोणी हसत नाही.

तुझा,
सहज


९ मे

समजा कोण?

पेटीत शंभर तोंडनळ्या होत्या. दहांचा तू भोंगा केलास. उरल्या नव्वद. तू दोनशे बारा माणसं मोजलीस आणि "अजून पुष्कळ आहेत" असं लिहिलंस. माझ्यासमोर तुझं २६ मार्चचं पत्र आहे.

त्याच आठवड्यात तू आईकडे होतास. मी मावशीला, म्हणजे तुझ्या आईला, फोन केला. ती म्हणाली, तू सबंध आठवडा गच्चीत बसून "ताईच्या पिपाणीत" फुंकत होतास.

खरं लिही. पाल्हाळ नको.

ताई


१२ मे

ताई,

अकरा माणसं खरी आहेत. पहिल्या दोन दिवसांतली, सगळी सहाव्या गल्लीतली. बाकीची दोनशे एक माणसं मी आहे.

शिंपी मी. शिंप्याची बायको मी. जुळे भाऊ, दोघंही मी, शिट्टी मिळालेलाही आणि न मिळालेलाही. म्हातारी लिहायची असली की गाल न फुगवता हलकेच सोडायचो. मधल्या वयाचा बाप्या असला की बसून फुंकायचो. घरातला तरुण मुलगा आला की उभं राहून, पूर्ण जोर लावून. आकडा नळीनंच दाखवलेला लिहिला, मनानं एकही टाकला नाही. हसू नकोस, पण मला ते प्रामाणिक वाटत होतं.

सगळे वेगवेगळे ठेवले. मला वाटलं सारखे आले की पकडला जाईन. परीक्षेत तसंच असतं ना, शेजाऱ्यासारखी उत्तरं आली की मास्तर पकडतात. खऱ्या गल्लीतली माणसं शेजाऱ्याची नक्कल न करता सारखी निघतात, हे तू पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलं नव्हतं नीट.

का, ते विचारशील. आळस म्हटलंस तरी चालेल, अर्धं ते आहेच. पण ते आजोबा. अकरावे. "जरा जास्त वेळ खोकले" असं मी लिहिलं होतं. पहिल्या फुंकेला खोकला सुरू झाला तो थांबेना. घरात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. मला पाणी देता आलं, ते दिलं. मग मला जे येतं ते केलं, नकला केल्या, त्यांना हसवलं. हसल्यावर खोकला दुप्पट झाला. हातानं "थांब, थांब" करत होते. हसत पण होते आणि निळे पण पडत होते.

मग मी बाराव्या माणसाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. रोज जायचो. घंटीला हात लावायचो नाही. तिथून गच्चीवर.

आता एक कर. माझं नाव सांग, ओरड, काहीही कर, पण ते शून्य पाठवू नकोस. ते शून्य गिरणीचं नाही, माझं आहे.

तुझा


२० मे

चि.

तुझं पत्र मी सरांना दाखवलं. अहवाल थांबवलाय. पालिकेला कळवलंय की सहाव्या गावाची मोजणी ग्राह्य नाही, पुन्हा होईल. तुझी नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको. एक जूनला इथून सिस्टर येतील आणि सगळी घरं नव्यानं करतील. तू नळीला हात लावायचा नाहीस. दारं दाखवायची असतील तर दाखव.

माझा दोष लिहून ठेवते. दर दहा फॉर्ममागे एक घर दुसऱ्या माणसानं तपासायचं, असा नियम आहे. पाच गावांत मी तो पाळला. तुझ्या गावात नाही, कारण तू घरचा. सरांना हेही सांगितलं. आम्ही माणूस, घर, गल्ली अशा तीन पायऱ्या धरल्या होत्या. मोजणारा ही चौथी पायरी असते. ती मी धरली नाही.

आता कामाचं. नीट वाच. या वेळी तरी नीट.

फॉर्म फाडायच्या आधी मी ते तारखेनं लावले. तू म्हणालास, आकडे नळीनंच दाखवलेले आहेत. मग ते खोटे नाहीत. नावं खोटी आहेत. दोनशे एक माणसांचा एकेक श्वास म्हणून ते कवडीमोल, पण एका माणसाचे अकरा आठवड्यांचे श्वास म्हणून ते सरळ आहेत. तू "घरातला तरुण" लिहिलंस तिथं पूर्ण जोर लावलास, म्हणून मी तेवढेच घेतले. दर आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा असा:

६१०, ६००, ५९०, ५७०, ५६०, ५४०, ५९०, ५५०, ५३०, ५१०, ४९०.

सातवा आठवडा, जिथे आकडा वर गेलाय, तो आईकडचा.

ही सर्दी नाही. सर्दी असं वेळापत्रक पाळत नाही. तू त्या खोलीत राहायला गेल्यापासून तुझा श्वास दर आठवड्याला उतरतोय, आणि खोली सोडलीस की चढतोय.

एका माणसाचे आकडे गल्लीचे होत नाहीत. हे मी कुठल्याही अहवालात घालणार नाही. पण हे पत्र घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जा. उद्या. आणि सहावी गल्ली सोड. आईला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांग.

ताई

ता. क. मला खूप राग आलाय. ते आकडे लावताना सातव्याशी थांबले होते, आठवा लिहायला वेळ लागला. दोन्ही खरं आहे.


४ जून

ताई,

डॉक्टरांनी तुझं पत्र माझ्यापेक्षा जास्त वेळ तपासलं. "हे कोणी लिहिलं?" म्हणाले. मी म्हटलं, बहिणीनं. "तुम्ही मोजत होतात?" हो. "शिस्तीचे आहात." ताई, आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हटलं, आणि तेही यासाठी.

धुळीचा दमा आहे. लवकर आलात म्हणाले. ओढायचं औषध दिलंय, सकाळ-संध्याकाळ. बिऱ्हाड पहिल्या गल्लीत हलवलं. इथं टेबलावर नाव लिहायला तीन दिवस लागतात.

सिस्टर आल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तोच का तू, दोनशे एक?" पेटी माझ्या डोक्यावर दिली. दारं मी दाखवतो. घंटी त्या वाजवतात. काल त्या बाराव्या दारापाशी आलो तेव्हा म्हणाल्या, "ही तू वाजव." वाजवली. आत एक बाई आणि दोन मुलगे होते. काही झालं नाही. फुंकले, आकडे आले, चहा विचारला.

दुसऱ्या गल्लीत खरंच एक शिंपी निघाला. बायको नाही त्याला. तीनशे नाही, चारशे ऐंशी.

ते आजोबा एप्रिलमध्येच गेले. घराला कुलूप आहे. सिस्टरनी तो रकाना रिकामा ठेवला.

तुझा


२१ जून

चि.

सिस्टरचे एकशे अठ्ठ्याण्णव फॉर्म मिळाले. दर दहातलं एक घर तपासून झालं, या वेळी सरांनी स्वतः. सगळे जुळले.

गल्लीचा वाटा सव्वीस टक्के. सहाही गावांत सगळ्यात जास्त. पहिल्या गल्लीपासून सहावीपर्यंत पायरी पायरीनं आकडा उतरतो. अहवाल काल गेला. पालिका काय करेल ते माझ्या हातात नाही.

तुझा स्वतःचा फॉर्म त्यात नाही. सिस्टर म्हणाल्या, तू नको म्हणालास. का?

ताई


२८ जून

आकडेताई,

तुझे सव्वीस टक्के मावशीला वाचून दाखवले. म्हणाली, "म्हणजे किती?" मी म्हटलं, तुमच्या खोकल्यातला चवथा हिस्सा गिरणीचा. "आणि बाकीचा?" बाकीचा तुमचा, काकांच्या विडीचा, वयाचा. "मग चवथा हिस्सा तिला नेऊन दे," म्हणाली.

पालिकेची दोन माणसं येऊन भिंत बघून गेली. दुसऱ्या यंत्राची परवानगी सध्या अडकवून ठेवली आहे, दळायच्या जागेवर छप्पर आणि पाण्याचे फवारे झाल्याशिवाय नाही म्हणतात. पहिलं यंत्र चालूच आहे. मावशीला म्हटलं, तुम्हीही हला. "तीस वर्षं झाली मला इथं. आता या छातीला कुठे दुसरी खोली शोधू?"

सिस्टरनी तिला मोजलं तेव्हा मी पेटी धरून उभा होतो. १४०, १५०, १४०. तिच्या वयाला आणि उंचीला साडेतीनशे हवे. तिसऱ्या फुंकेनंतर तिनं विचारलं, "पास का?" सिस्टर आकडा लिहीत होत्या. मी म्हटलं, पहिला नंबर. फेब्रुवारीत, तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाच, मोजलं असतं तरी हाच आकडा आला असता का, ते तू सांगू शकशील. मला सांगू नकोस.

रोज संध्याकाळी तिच्या बादल्या भरायला जातो. भोंगा मोडला नव्हता, खोटं बोललो नाही, तू मोड म्हणालीस आणि मी काही बोललोच नाही. तो आता तिच्या ताब्यात आहे. परवा मी गच्चीवर होतो, भोंग्यातून घोगरा आवाज आला: "बाळा, लवकर ये, पडले मी!" तीन मजले कसे उतरलो माहीत नाही. पहिल्या मजल्यावर बाई भोंगा मांडीवर घेऊन ठाकठीक बसलेली. "फिट्टंफाट," म्हणाली आणि हसली. हसल्यावर खोकला आला, तो यायचाच. पाणी दिलं. मी नकला केल्या नाहीत. थांबला तेव्हा मीच धापत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती.

तेव्हा तिनं विचारलं, तुझं कोणी मोजलं का?

म्हणून आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सिस्टरना नको म्हटलं, कारण माझे दोनशे एक आकडे तुझ्याकडे आधीच पडलेत आणि एकावर माझं नाव नाही. दोनशे दोनावा कोणी मानला असता?

सोबत एक फॉर्म आहे. अहवालात घालू नको, गल्ली आता बदललीय, मला कळतं तेवढं. रिकामा एकही रकाना नाही, पण मनानं भरलेला एकही नाही. "घरातला तरुण" ही खूण पुन्हा केलीय, या वेळी माझ्यासाठीच. तोंडनळी नवी होती. फुंका ५४०, ५६०, ५५०. उभं राहून, पूर्ण जोर लावून. दुसऱ्या फुंकेच्या वेळी कमरेवर हात ठेवला म्हणून ओरडा बसला, तो शेऱ्यात लिहिलाय.

खाली "मोजणारा" असा रकाना असतो. तिथली सही वाकडी आहे आणि तुला ओळखीची वाटणार नाही. ती मावशीची आहे. नळी तिनं धरली होती, आकडा तिनं वाचला आणि लिहिलाही तिनंच. मी फक्त फुंकलं.

तुझा,
एक माणूस